अकरा बादल्या

"लग्न झालंय का तुझं?" वेता म्हातारीनं विचारलं आणि माझ्यापुढं एक रिकामी बादली ठेवली.

मी कमरेइतक्या चरात उभा होतो. हातात पाइपाचा जोड, बोटं थंडीनं बधिर झालेली. म्हटलं, आता ही म्हातारी माझं लग्न लावते की काय!

"झालंय. एक पोरगी आहे."

"आई-बाप?"

"आई आहे. बाप गेला."

"शेवटचं पाणी तू पाजलंस त्याला?"

असं कुणी रस्त्यात उभं राहून विचारतं का? पण म्हातारीच्या तोंडाकडं बघितलं आणि माझा राग विरघळला. चार दिवसांपूर्वी तिनं एकुलता एक मुलगा, नेलू, पुरला होता.

"पाजलं," मी म्हटलं.

"मग तू चालशील," ती म्हणाली. बादली तशीच ठेवून ती निघून गेली.

ही गोष्ट रोमानियातली, मेहेदिंत्स नावाच्या जिल्ह्यातली. मी धुळा वीरकर, माण तालुक्यातला, म्हसवडच्या पुढं आमची वस्ती. घराणं मेंढरं राखणाऱ्यांचं, मी एकटाच पाइपफिटर निघालो. एजंटानं सांगितलं, युरोपात काम आहे. म्हटलं, चला, निदान पाण्याचा प्रश्न मिटला. आणि मला कुठं नेऊन टाकलं? 'वाल्या सेका' नावाच्या गावात. वाल्या सेका म्हणजे कोरडी दरी! दुष्काळ माझ्या पाठोपाठ विमानात बसून आला होता जणू.

त्या जिल्ह्याच्या खालच्या अंगाला डॅन्यूब नदी वाहते. एवढी मोठी, की पलीकडचा देश धुक्यात दिसतसुद्धा नाही. पण आमचं गाव वर, चुनखडीच्या पठारावर. तिथं पाऊस पडतो, बर्फ पडतं, आणि सगळं पाणी दगडाच्या भेगांतून खाली जातं. गावातला एक ओढासुद्धा थोडा वाहतो आणि सरळ एका गुहेच्या तोंडात शिरतो. परत कुठं निघतो, कुणाला ठाऊक नाही. प्यायचं पाणी एकाच झऱ्याचं, दरीत खाली, जायला-यायला अर्धा-पाऊण तास. म्हणून तर आमची पाइपलाइन चालली होती.

आणि माणसं? घरं दीडशे, त्यातली चूल पेटायची वीस-पंचवीस घरांत. धूर मोजला की गाव कळायचं. पोरं सगळी इटलीत नाहीतर स्पेनमध्ये, कुणी बांधकामावर, कुणी म्हाताऱ्यांची सेवा करायला. आपल्या म्हाताऱ्यांना इथं सोडून तिकडच्या म्हाताऱ्यांची सेवा! तिकडच्या पैशातून त्यांनी दुमजली घरं बांधली होती, खिडक्या कायम बंद. इथल्या म्हाताऱ्यांकडं एक गाय, चार मेंढ्या, आलुबुखाराची झाडं आणि त्याची गाळलेली दारू. शाळेत पोरंच नव्हती, म्हणून ती बंद झाली. तिथं आमच्या कंपनीचं पाइपाचं सामान होतं आणि एका वर्गात मी राहायचो. बाकीची टोळी पुढच्या गावाला गेली होती. जोडलेल्या लाइनीची तपासणी करायला मला एकट्याला मागं ठेवलं होतं.

संध्याकाळी फोरमन कॉस्तेल आला. तो त्याच भागातला, पन्नाशीचा, बोलका; त्याच्याशी बोलून बोलूनच मला त्यांची भाषा आली होती. बादलीचं त्याला विचारलं तर त्यानं टोपीच काढली.

"तू हो म्हणालास?"

"मी काहीच म्हणालो नाही. ती ठेवून गेली."

"मग झालंच," कॉस्तेल म्हणाला. "हे बघ, आमच्याकडं माणूस मेला की चाळीस दिवस त्याच्यासाठी पाणी आणतात. रोज सकाळी झऱ्यावरनं एक बादली भरायची, वाटेत कुणाशी बोलायचं नाही आणि दुसऱ्याच्या घरी नेऊन द्यायची. तो पिणार आणि म्हणणार, बोगदाप्रोस्ते. देव मेलेल्याचं भलं करो, असा त्याचा अर्थ. तो इथं पितो, पोचतं तिकडं. चाळीस बादल्या पुऱ्या झाल्या की मेलेल्याची तहान कायमची भागली. नाहीतर तो तसाच फिरत राहतो."

"मग तिनंच आणावं की."

"आईनं आणलेलं चालत नाही. आई वाटेत रडते आणि पाणी खारट होतं म्हणतात. एखादी पोरगी लागते, तरणं माणूस लागतं, घराबाहेरचं. आता बघ गावात. हिवाळ्यात ही म्हातारी माणसं बर्फ वितळवून पितात. तुझ्याशिवाय खाली उतरून वर येऊ शकेल असं कोण आहे?"

आमच्या आयाबाया जन्मभर डोक्यावर हंडे घेऊन चालल्या. आणि मी पाइपफिटर झालो तो कशासाठी, तर हे हंडे उतरवायला. आता युरोपात येऊन बादली वाहायची! मला हसूही आलं आणि चीडही आली. पण दुसऱ्या दिवशी उजाडताच मी बादली घेऊन दरीत उतरलो. त्या म्हातारीनं 'चालशील' म्हटलं होतं ना, तेच मनाला लागून राहिलं होतं.

पाणी द्यायचं इलिए आजोबाच्या घरी. वेताचा शेजारी, ऐंशीचा, डोळ्यांत मोतीबिंदू. मी बादली ठेवायचो, तो पेल्यानं पाणी प्यायचा, तोंड पुसून "बोगदाप्रोस्ते, नेलू" म्हणायचा. वेता तिथंच फाटकाशी उभी असायची. तिच्याकडं एक हिरवी काठी होती. इलिए प्याला की चाकूनं काठीवर एक खाच पाडायची आणि मला घरी नेऊन मक्याचा घाटा आणि मेंढीचं चीज वाढायची. घाट्याची चव थेट आमच्याकडच्यासारखी. माझं नाव तिला जमेना. डूला म्हणायची.

जेवताना नेलूचं सांगायची. तो इटलीत परांचीवरनं पडला. नऊ दिवस दवाखान्यात होता. हिला कुणी नेलं नाही, हिच्याकडं पासपोर्टच नव्हता. दहाव्या दिवशी गाडीतनं पेटी आली.

"शेवटी पाणी मागितलं असेल का रे त्यानं, डूला?" ती विचारायची. "कुणी दिलं असेल का? तिकडच्या भाषेत पाण्याला काय म्हणतात तेही मला माहीत नाही."

मी खाली मान घालून खायचो.

बारा दिवस मी इमानानं पाणी आणलं. तेराव्या दिवशी वाटेवर बर्फाचा काच झाला होता. चढ चढून वर आलो, शाळेजवळ पाय सटकला आणि गुडघ्यावर आपटलो. बादली पालथी. कळ अशी आली की डोळ्यांपुढं अंधारी. परत खाली जायचं म्हणजे पाऊण तास. आणि समोर, पाच पावलांवर, शाळेच्या भिंतीशी मीच बसवलेला नळ. आदल्या आठवड्यात तपासणीसाठी पाणी सोडलेलं. नव्या लाइनीत जंतुनाशक घालून ती धुवावी लागते, आपल्याकडं टीसीएल पावडर टाकतात तसंच. पाणी पिण्याजोगं झालं होतं, पण वास थोडा राहिला होता.

मी इकडं तिकडं बघितलं. कुणी नव्हतं. म्हटलं, पाणी ते पाणीच. मेलेल्याला कुठं कळणार?

भरली बादली. इलिए प्याला, बोगदाप्रोस्ते म्हणाला, वेतानं खाच पाडली. काही झालं नाही. आकाश कोसळलं नाही.

एकदा सोपी वाट सापडली की पाय तिकडंच वळतात. दुसऱ्यांदा गुडघा दुखत होता म्हणून. तिसऱ्यांदा बर्फ पडत होतं म्हणून. पुढं पुढं कारणाचीही गरज राहिली नाही. सकाळी बादली घेऊन निघायचं, वळणापलीकडं गेलं की शाळेत शिरायचं, हीटरजवळ बसून अर्धा तास चहा प्यायचा. मग नळावर बादली भरायची आणि धापा टाकत, दमल्याचं सोंग करत इलिएच्या फाटकाशी जायचं. रोज नाही. एखाद्या दिवशी मन खायचं, मग झऱ्यावर जायचो. पण अठरा दिवसांत अकरा वेळा मी नळाचं पाणी दिलं. अकरा. मी मोजले होते. लबाडी करणारा मनातल्या मनात मोजतोच.

एकतिसाव्या सकाळी वेता फाटकाशी नव्हती. मी झऱ्याचं पाणी इलिएला दिलं आणि तिच्या घरी गेलो. ती चुलीपाशी बसली होती, डोकं उघडं. बायामाणसं तिथं डोकं उघडं ठेवत नाहीत.

"नेलू आला होता पहाटे," ती म्हणाली.

"स्वप्नात?"

"दारात उभा होता. आत ये म्हटलं तर येईना. ओठ फुटलेले. म्हटलं, बाळा, रोज पाणी मिळतं ना? तर म्हणाला, मिळतं आई, पण त्याला औषधाचा वास येतो. पिववत नाही."

नळाच्या पाण्याचा तो वास माझ्याच नाकात शिरला.

"दवाखान्यात गेला ना तो," ती बोलतच होती. "नऊ दिवस औषधं, नळ्या. तो वास अजून त्याच्या नाकातनं गेला नाही. चाळीस पुऱ्या झाल्या की जाईल. जाईल ना रे?"

"जाईल," मी म्हटलं.

बाहेर आलो आणि थेट इलिएचं घर गाठलं. माझी खात्री झाली होती, या म्हाताऱ्यानं वास ओळखला आणि तिला सांगितलं. ती मला आडून बोलून दाखवतेय. मला तसंच व्हायला हवं होतं, खोटं कशाला बोलू? आरडाओरडा झाला असता, माफी मागितली असती, सुटलो असतो.

"आजोबा, खरं सांगा. पाण्याची चव कशी लागते तुम्हाला?"

तो हसला. "मला काय विचारतोस? कोरोना झाला तेव्हापासनं नाक मेलं माझं. वास नाही, चव नाही. गार का गरम, तेवढंच कळतं. वेताला सांगू नकोस हं. ती कौतुकानं माझ्यासाठी लोणचं घालते, मी वा वा म्हणतो."

म्हणजे जिवंत माणसांत ही गोष्ट फक्त मला माहीत होती.

त्या दिवसापासनं मी नळाकडं बघितलंसुद्धा नाही. झऱ्यावर जाताना वाटत होतं, मागं कुणीतरी चालतंय. भास असेल. पण मी मागं वळून बघितलं नाही, आणि परत येताना बादलीतलं पाणी एक थेंबही सांडू दिलं नाही. सारखं वाटायचं, वेताला सांगून टाकावं. मग तिचं तोंड आठवायचं. सांगितलं तर काय? दिवस निघून गेलेले, ते परत थोडेच येणार होते! पोरगा तहानलेलाच राहिला, हे ऐकून ती म्हातारी जगली असती का? माझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून तिच्या छातीत सुरी खुपसायची? असं मी स्वतःला समजावायचो. यातलं किती तिच्यासाठी होतं आणि किती माझ्या भित्रेपणासाठी, ते आजही मला सांगता यायचं नाही.

चाळिसावा दिवस उजाडला. पाणी सोडायचा विधी त्या ओढ्यावर, गुहेच्या तोंडाशी. वेता, इलिए, तीन म्हाताऱ्या आणि मी. वेतानं अर्धा भोपळा आणला होता, कोरून वाळवलेला. त्यात पेटती मेणबत्ती आणि ती चाळीस खाचांची काठी. भोपळा पाण्यावर सोडायच्या आधी पाणी आणणाऱ्याला तीन प्रश्न विचारतात. सूर्य साक्षीला, वाहतं पाणी साक्षीला.

"आणलंस?" वेतानं विचारलं.

"आणलं."

"झऱ्याचं?"

सूर्य डोंगरावर आला होता, सरळ माझ्या डोळ्यांत.

"झऱ्याचं."

"सगळं?"

"सगळं."

तिनं माझे दोन्ही हात धरले आणि त्यांना ओठ लावले. त्या वयाची बाई, माझ्या हातांना! मला जमिनीनं गिळावं असं वाटलं.

मग तिनं भोपळा सोडला. तो वाहत गुहेच्या तोंडाशी गेला आणि तिथं थांबला. गोल गोल फिरायला लागला. आत शिरेना. पाणी सगळं आत जातंय आणि भोपळा तिथंच फिरतोय. दोन मिनिटं, पाच मिनिटं. म्हाताऱ्या पुटपुटायला लागल्या. मेणबत्ती निम्मी जळाली. वेता काठावर गुडघे टेकून बसली.

"काय राहिलं रे तुझं, नेलू?" ती म्हणाली. "काय राहिलं? सांग ना आईला."

हे वाक्य मी ऐकलं होतं. माझ्या बापाच्या दहाव्याला, माणगंगेच्या कोरड्या पात्रात. पिंड मांडलेला आणि कावळा शिवेना. तास झाला, ऊन चढलं. आई असंच म्हणत होती, काय राहिलं ओ तुमचं? चुलता मला म्हणाला, "धुळा, बोल कायतरी. जीव कशात आडकलाय ते तुलाच ठावं." तेव्हा मी पुढं होऊन मोठ्यानं म्हटलं होतं, "दादा, मेंढरं इकणार न्हाई." लगेच कावळा आला. आणि वर्ष व्हायच्या आत एजंटाचे पैसे भरायला मी सगळी मेंढरं विकली.

मी पाण्यात उतरलो, घोट्यापर्यंत. बर्फाचं पाणी. भोपळ्यापुढं उभा राहिलो आणि आपल्या भाषेत, मोठ्यानं म्हटलं, "नेलू, मी खोटं बोललो. अकरा बादल्या माझ्याकडं ऱ्हायल्यात. मी आणीन. तुझ्या आईला सांगू नगंस."

भोपळा एकदा डगमगला, वळला आणि आत गेला. गुहेत बरंच आतपर्यंत मेणबत्ती दिसत होती, मग दिसेनाशी झाली. मी पाइपफिटर आहे. भोवरा सुटतो, पाण्याचा जोर बदलतो, हे मला कुणी शिकवायला नको. तसंच झालं असेल.

"काय म्हणालास तू त्याला?" वेतानं विचारलं.

"आमच्याकडची प्रार्थना आहे."

"चांगली आहे," ती म्हणाली आणि रडत रडत हसली. "ऐकली बघ त्यानं."

दुसऱ्या सकाळी मी बादली घेऊन परत झऱ्यावर गेलो. इलिए चकित झाला. "चाळीस झाल्या ना?" मी म्हटलं, सवय लागलीय. तो प्याला आणि आपणहून म्हणाला, बोगदाप्रोस्ते. अशा चार बादल्या झाल्या. पाचव्या सकाळी मला न्यायला कंपनीची गाडी आली. उजाडायच्या आधीच हॉर्न वाजवत होती. एक दिवस थांबतो म्हटलं तर ड्रायव्हर हसला. सात राहिल्या.

वर्षभरानं मी गावी परतलो. वस्तीवर नळ आला, तो मीच जोडला. कॉस्तेल अधूनमधून फोन करायचा. एकदा त्यानं वेताच्या घरनंच व्हिडिओ कॉल केला. म्हातारी वाळून गेली होती, पण खूश दिसली.

"डूला! नेलू आता येत नाही रे स्वप्नात. निवांत आहे. आता मीच जाईन त्याच्याकडं. गेल्या गेल्या त्याला विचारणार आहे, माझ्या डूलानं आणलेलं पाणी कसं होतं म्हणून."

मी हसलो. फोन ठेवला आणि गोठ्यामागं जाऊन रडलो.

गेल्या महिन्यात ती गेली. इलिए तिच्या आधीच गेला होता. कॉस्तेलनं कळवलं, गावात आता घरोघरी नळ आहे, झऱ्याची वाट झुडपांनी बुजलीय. मरताना म्हणाली, माझं पाणी डूलानं आणावं, दुसऱ्या कुणी नको. त्याला जमतं.

त्याला जमतं!

आमच्या डोंगराच्या पायथ्याला जुनी बारव आहे. आता तिकडं कुणी फिरकत नाही. नळ आल्यापासनं कशाला फिरकतील? मी रोज उजाडताच बादली घेऊन तिकडं जातो, पायऱ्या उतरतो आणि पाणी आणून शेजारच्या सगुणामावशीला देतो. तिला एक शब्द शिकवलाय. तो तिच्या जिभेवर वळत नाही, नुसतं "बोगदा, बोगदा" म्हणते आणि पदरानं तोंड पुसते. पहिले सात दिवस नेलूचे. आठव्यापासनं वेताचे. त्या झऱ्याचं पाणी नाही हे. तिकडं चालतं का, पोचतं का, मला माहीत नाही. सांगणारं आता कुणी उरलं नाही, आणि ती दोघं आता एकमेकांशी बोलत असतील.

काल बारवेच्या पायरीवर माझा पाय मुरगळला. तोच, तिकडं गुडघा आपटलेला. आज सकाळी मी लंगडत बादली उचलली, तर बायको दारात आडवी आली.

"आवो, पाय बघा केवढा सुजलाय," ती म्हणाली. "आजच्या दिस नळाचं न्या की. त्या मेलेल्या बाईला कुठं कळणार हाय?"

नळ दारातच होता. सकाळचं पाणी नुकतंच सुटलेलं, टीसीएलचा वास अंगणभर.

"कळतं," मी म्हटलं आणि बारवेकडं निघालो.